ज्येष्ठता यादीतलं पुढचं नाव

नागपूरच्या महाल भागातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ते दोन वर्षांनी निवृत्त होतील. ज्येष्ठता यादीत त्यांच्यानंतर असलेले गणिताचे सर म्हणतात, ‘मला नको, मी लिहून देतो.’ त्यांच्या खालच्या मराठीच्या बाई ‘घरी विचारून सांगते’ म्हणाल्या, त्याला आता सहा महिने होत आले. तिसरे सर आजच खुर्चीत बसायला तयार आहेत आणि नेमके तेच बाकीच्यांना नको आहेत. अशा वेळी शिक्षकांच्या मनात मुख्याध्यापक होण्याची इच्छा कशी जागवायची आणि त्यांची तयारी कशी करून घ्यायची?

सर, तुमच्या हातात दोन वर्षं आहेत आणि तुम्ही आज विचारताय, ही मोठी जमेची बाजू आहे. बहुतेक शाळांत हा प्रश्न निरोप समारंभाची शाल आणायला माणूस सीताबर्डीला निघतो तेव्हा सुचतो.

मी हिंगणा तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत 31 वर्षं होते, त्यातली शेवटची 9 मुख्याध्यापक म्हणून. मला प्रभार मिळाला तो तीन दिवसांत. आधीच्या सरांची तब्येत अचानक बिघडली आणि त्यांच्या मुलाने एक कापडी पिशवी आणून दिली: कपाटांच्या किल्ल्या, कॅशबुक, तीन शिक्के. त्या पिशवीचा अर्थ लागायला मला दीड वर्ष लागलं. पहिल्याच वर्षी एका शिक्षकाची वेतनवाढ चुकीच्या महिन्यापासून लावलेल्या देयकावर मी सही केली. पुढे त्यांच्या पगारातून वसुली निघाली. ते सर वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझ्यानंतर जी कोणी येईल तिच्या हातात अशी पिशवी पडू द्यायची नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. निवृत्तीनंतर नव्याने प्रभार घेतलेल्या मुख्याध्यापकांसोबत बसते, त्यांची कागदपत्रं पाहते, त्यांच्याबरोबर वर्गांत जाते. पुढचं सगळं त्या अनुभवातून लिहिते आहे.

आपल्या अनुदानित शाळांत पुढचा मुख्याध्यापक शोधावा लागत नाही, त्याचं नाव यादीत आधीच असतं. 1977 चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा कायदा आणि 1981 ची सेवाशर्ती नियमावली तुम्हाला पाठ असेलच. नियम 3 प्रमाणे पात्र असलेल्या आणि सेवेचा अभिलेख समाधानकारक असलेल्या ज्येष्ठतम शिक्षकाला हे पद द्यायचं. माध्यमिक शाळेसाठी पात्रता म्हणजे प्रशिक्षित पदवीधर असणं आणि पदवीनंतर एकूण 5 वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव, त्यातली किमान 2 वर्षं बीएडनंतरची. पंचेचाळिशीतला जवळजवळ प्रत्येक शिक्षक ही अट केव्हाच ओलांडून गेलेला असतो. मग उरतो तो फक्त क्रम. (अल्पसंख्याक संस्थांना निवडीत जास्त मोकळीक आहे, तो विषय वेगळा.)

म्हणून आज रात्रीच एक कागद घ्या. यादीतली पहिली आठ नावं लिहा, समोर जन्मतारीख आणि 58 पूर्ण होण्याचा महिना. तुमच्यानंतर कोणाच्या वाट्याला किती महिने येतात ते दिसेल. मी हा कागद अनेक शाळांत करून घेतला आहे आणि दर वेळी खोलीत शांतता पसरते. एकाच्या वाट्याला 11 महिने, पुढच्याच्या 2 वर्षं, मग कुणाच्या तरी 5. पाच वर्षं शाळा चालवणारी व्यक्ती आज यादीत चौथी असते आणि तिला कुणी काहीच शिकवत नाही, कारण तिचा नंबर ‘अजून लांब आहे’. तुम्ही तीन नावांचा विचार करताय. मी म्हणेन, पाच नावांचा करा. तुमच्या गणिताच्या सरांकडे त्या कागदावर जेमतेम वर्षच उरत असेल तर त्यांचा नकार भित्रेपणाचा नसेलही. शेवटचं वर्ष आपल्या विषयात, आपल्या दहावीच्या वर्गात घालवावंसं वाटणं अगदी सरळ आहे.

त्या नकाराबद्दल एक सावधगिरी. हक्क सोडल्याचं पत्र स्वेच्छेचं आणि लेखी असलं पाहिजे, आणि ते शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत रीतसर पोहोचलं पाहिजे. ‘लिहून देतो’ हे स्टाफरूममधलं वाक्य धरून संस्थेने पुढच्या नावाचा ठराव करू नये. बढतीत डावललं गेलं असं वाटणाऱ्या शिक्षकाला कायद्याच्या कलम 9 खाली 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, आणि अशी भांडणं शाळेला वर्षानुवर्षं पोखरतात. दुसरं म्हणजे टीईटी, शिक्षक पात्रता परीक्षा. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाने पहिली ते आठवीच्या शिक्षकांपैकी ज्यांची सेवा 5 वर्षांहून कमी उरली आहे त्यांना नोकरीत राहू दिलं, पण पदोन्नती हवी असेल तर टीईटी लागेल असं सांगितलं. तुमच्या शाळेला पाचवी ते आठवीचे वर्ग जोडलेले असतील, तर कुणाला काय लागू होतं हे कार्यालयाला आत्ताच लेखी विचारून ठेवा. दोन वर्षांनी विचारलंत तर उशीर झालेला असेल.

आता इच्छेबद्दल. मुख्याध्यापकपद म्हणजे काय, हे शिक्षकाला तुमच्याकडे पाहून कळतं. दुसरीकडे कुठे ते पाहायला मिळणार? तुमच्या दारावरून जाताना त्यांना काय दिसतं ते आठवून पाहा. टेबलावर फायली, कानाला फोन, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती आजच भरा म्हणून आलेला संदेश, बाहेर ताटकळणारे पालक, आणि जेवणाचा डबा तीन वाजेपर्यंत तसाच. वीस वर्षं हे पाहिलेल्या माणसाला ‘तुम्ही व्हा ना मुख्याध्यापक’ म्हटलं तर तो काय म्हणेल? माझे एक सहकारी म्हणाले होते, ‘बाई, काहून गळ्यात घेता हे? पगारात फरक तो किती, अन् झोप जाते ती पुरी.’ त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही, कारण ते मला रोज पाहत होते.

याच कामातल्या आनंदाच्या गोष्टी बंद दाराआड घडतात. शाळा सोडायला निघालेल्या नववीतल्या मुलीच्या आईला तुम्ही तासभर समजावलं आणि मुलगी परत आली. नवख्या शिक्षकाचा वर्ग तीन महिन्यांत सावरला. हे स्टाफरूमपर्यंत पोहोचतच नाही, तिथे फक्त परिपत्रकं पोहोचतात. मी एक साधा बदल केला. अशा पालकांशी बोलताना यादीतल्या पुढच्या बाईंना शेजारी बसवायला लागले. त्यांनी काही बोलायचं नाही, फक्त बसायचं. चौथ्या-पाचव्या वेळी मी मुद्दाम उठून गेले आणि त्यांनी बोलणं पुढे नेलं. त्या दिवशी संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, ‘हे तुम्ही रोज करता?’ त्या आवाजात मला जे ऐकू आलं, ते कुठल्याही प्रशिक्षणात निर्माण करता आलं नसतं.

काम सोपवण्याबद्दल मात्र आपण फार मोठी गल्लत करतो. प्रत्येक शाळेत एक ‘संगणक येणारे सर’ असतात. पगाराचं शालार्थ, सरल, यू-डायस प्लस ही सरकारी पोर्टलं, विद्यार्थ्यांची आधार पडताळणी, सगळं त्यांच्याकडे. मुख्याध्यापकांना वाटतं, आपण नेतृत्व घडवतोय. प्रत्यक्षात त्या सरांच्या वाट्याला राबणं येतं आणि निर्णय एकही येत नाही. अशा माणसाला पाच वर्षांनी विचारा, तो सगळ्यात आधी नकार देईल. काम द्यायचं असेल तर त्यातला निर्णयही द्या आणि त्या निर्णयामागे उभे राहा. त्याने घेतलेला निर्णय तुम्हाला पटला नाही तरी चारचौघांत तो फिरवू नका. खोलीत बोलून दुरुस्त करा.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर माझं उत्तर नेहमी एकच असतं, वेळापत्रक आणि बदली तासिका. बाहेरच्याला हे कारकुनी काम वाटेल. शाळेत राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की सगळ्यात जास्त रुसवेफुगवे इथेच होतात. शेवटची तासिका कुणाला, सलग चार तास कुणाला, उन्हाळ्यात सकाळच्या शाळेत पहिला तास कुणाला, गैरहजर शिक्षकाच्या जागी दर वेळी तीच तरुण बाई का? हे काम वर्षभर सांभाळणाऱ्याला न्याय करणं म्हणजे काय ते कळतं. मैत्रिणीला ‘नाही’ म्हणावं लागतं. कुणाचं आजारपण खरं, कुणाचं सोयीचं, हे ओळखावं लागतं आणि तरी तोंडावर अपमान न करता बोलावं लागतं. काल एका बाकावर बसून डबा खाल्ला आणि उद्या त्याच माणसाला नोटीस काढायची, ही मुख्याध्यापकपदातली सगळ्यात अवघड उडी आहे. ती एका दिवसात मारायला लावली की माणसं एकतर मऊ पडतात नाहीतर उगाच कडक होतात. वेळापत्रकावर ती छोट्या छोट्या पावलांनी मारता येते आणि चुकलं तर तुम्ही अजून शेजारच्या खोलीत आहात.

तुमच्या तिसऱ्या सरांसाठी तर हेच काम योग्य आहे. उत्सुक माणूस दिसला की आपण त्याला ध्वजवंदन, स्नेहसंमेलन, पाहुण्यांचं स्वागत असली मिरवायची कामं देतो. त्यांना बदली तासिका द्या. लोकांना ते नको आहेत याचं कारण कुठेतरी आहे, ते त्यांनाही सापडू द्या. माझ्याकडे असेच एक सर होते, आवाजाने सगळ्यांना दाबणारे. दोन महिन्यांत तीन शिक्षिका तक्रार घेऊन आल्या. मी तक्रारी सोडवल्या नाहीत, त्या तिघींना आणि सरांना एकत्र बसवलं आणि मी स्वतः गप्प राहिले. सर बदलले असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या सत्रात वेळापत्रक लावण्यापूर्वी त्यांनी पहिल्यांदाच प्रत्येकाला विचारलं. आणि काहीच फरक पडला नसता तरी ते मला दोन वर्षं आधी कळलं असतं. तसं झालं तर तुम्हाला संस्थेशी आणि त्या सरांशी वेळेत स्पष्ट बोलता येईल. ज्येष्ठता तुम्ही बदलू शकत नाही आणि बदलायचा प्रयत्नही करू नका.

पैसा आणि सही यांची भीती वेगळी हाताळावी लागते. 2025 मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं आणि अटका झाल्या, तेव्हापासून आपल्या भागातल्या स्टाफरूममध्ये सहीची धास्ती आहे. ‘उद्या कुणी कागद पुढे केला आणि मी सही केली तर?’ ही शंका खरी आहे, तिला धीराच्या शब्दांनी उत्तर देऊ नका. भीती जाते ती कागद वाचता यायला लागला की. माझी पद्धत अशी होती: महिन्यातून एक दिवस, वेतन देयक तयार झालं की, यादीतल्या पुढच्या दोघांनी ते माझ्याआधी तपासायचं. सेवापुस्तिका उघडायची, वेतनवाढीची तारीख पाहायची, रजा पाहायची, मग पेन्सिलीने खूण करायची. सही माझीच. पण चूक सापडली तर ती त्यांनी सापडवलेली असायची.

पोषण आहाराचंही तसंच. आमच्याकडे तो शाळेतच शिजायचा. सहावी ते आठवीला दर मुलामागे दिवसाला 150 ग्रॅम तांदूळ. म्हणजे 180 मुलं जेवली तर 27 किलो. हा एवढा हिशेब मांडून साठा नोंदवही, हजेरीपट आणि प्रत्यक्ष पोत्यातला तांदूळ एका दुपारी जुळवायला सांगा. तुमच्या शाळेत शिजलेलं अन्न बाहेरून येत असेल तर आलेली ताटं आणि बसलेली मुलं जुळवा. एकदा आकडे जुळले नाहीत, आणि का जुळले नाहीत ते स्वतः शोधून काढलं, की लेखापरीक्षणाची अर्धी भीती तिथेच संपते. कॅशबुक रोज लिहायची, कोऱ्या धनादेशावर सही करायची नाही, आणि न समजलेल्या कागदावर ‘उद्या वाचून देतो’ म्हणायचं. हे शेवटचं वाक्य म्हणायला मी माझ्या नंतरच्या बाईंना अक्षरशः सराव करायला लावलं होतं.

एक गोष्ट मात्र कुणाला घाबरवण्यासाठी नाही, पण माहीत हवीच म्हणून सांगा. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळून संस्थेच्या प्रमुखाने ती पोलिसांना कळवली नाही, तर 2012 च्या पोक्सो कायद्याखाली तो स्वतः गुन्हा ठरतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. ‘शाळेची बदनामी होईल, आधी संस्थेला विचारू’ हा विचार त्या क्षणी मनात येता कामा नये. तक्रार आली तर पहिल्या तासात कोण काय करेल, शाळेतल्या सखी सावित्री समितीला (मुलांच्या सुरक्षेसाठीच्या) कधी बोलवायचं, मुलीजवळ कोण बसेल, हे पुढच्या दोघांबरोबर बसून आजच ठरवा आणि कागदावर ठेवा.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं त्याकडे येते. आपण नव्या माणसाला कार्यालय शिकवतो आणि वर्ग शिकवायचा राहून जातो. मुख्याध्यापक झाल्यावर बहुतेकांचं पाठनिरीक्षण म्हणजे लॉगबुकातल्या दोन ओळी, ‘पाठ समाधानकारक. फलकलेखन सुधारावे.’ पंचवीस वर्षं उत्तम शिकवलेल्या शिक्षकालाही दुसऱ्याचा तास कसा पाहायचा हे आपोआप येत नाही. तो नकळत स्वतःच्या पद्धतीशी तुलना करत बसतो.

यासाठी एक गोष्ट करून पाहा. तुम्ही आणि मराठीच्या बाई मिळून एकाच तासाला मागच्या बाकावर बसा. दोघांनी फक्त मुलांबद्दल लिहायचं. कोण बोललं, कोण पूर्ण तासात एकदाही बोललं नाही, वहीत काय उतरलं, प्रश्न विचारल्यावर शिक्षकाने किती थांबून वाट पाहिली. शिक्षकाबद्दल एक शब्द लिहायचा नाही. तास संपला की दोघांच्या वह्या शेजारी ठेवा. पहिल्या वेळी तुम्ही दोन वेगळे तास पाहिलेत की काय असं वाटेल. मग ठरवा की त्या शिक्षकाला कुठला एकच प्रश्न विचारायचा. एकच. ‘खिडकीजवळच्या चौघांना आजचं किती कळलं असेल असं तुम्हाला वाटतं?’ अशा प्रश्नाने जे संभाषण सुरू होतं ते दहा सूचनांनी होत नाही. महिन्यातून दोनदा, वर्षभर. दुसऱ्या सत्रात प्रश्न बाईंनी विचारायचा आणि तुम्ही ऐकायचं.

माझ्या शाळेत विज्ञानाच्या एका बाईंनी असाच नकार पक्का केला होता. त्यांना मी पद वगैरे काही बोललेच नाही. सहावीत आलेल्या मुलांपैकी किती जणांना एक परिच्छेद अडखळत का होईना वाचता येतो, एवढं फक्त पाहाल का, असं विचारलं. त्यांनी तीन सहकाऱ्यांना बरोबर घेतलं आणि एकेका मुलाला व्हरांड्यात बसवून वाचायला लावलं. निकाल पाहून त्या रात्री झोपल्या नसाव्यात, कारण सकाळी माझ्या आधी शाळेत येऊन बसल्या होत्या. नंतर त्यांनी काय काय मागितलं! परिपाठानंतरची वीस मिनिटं मागितली, वाचनालयाचं कपाट उघडं ठेवायची परवानगी मागितली, एका शिक्षकाचा तास बदलून मागितला. मार्चपर्यंत त्या मुलांतली बरीचशी वाचायला लागली. एप्रिलच्या उन्हात, सकाळच्या शाळेनंतर, त्या माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, ‘मुख्याध्यापक असते तर हे जुलैलाच सुरू केलं असतं.’ तेव्हा मी पहिल्यांदा ज्येष्ठता यादी त्यांच्यासमोर ठेवली. पुढे त्यांनी चार वर्षं ती शाळा सांभाळली, माझ्यापेक्षा चांगली.

‘घरी विचारून सांगते’ याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. हे वाक्य ऐकलं की पुरुष मुख्याध्यापक दोन गोष्टी करतात. एकतर त्याला नकार समजून पुढच्या नावाकडे वळतात, किंवा ‘तुम्ही खूप सक्षम आहात’ असं प्रोत्साहन देतात. बाईंना आपण सक्षम आहोत हे माहीत असतं. अडचण साधारणपणे घड्याळाची असते. संस्थेची सभा संध्याकाळी सातला, सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा परिषदेत अर्धा दिवस थांबून राहणं, बोर्डाच्या परीक्षेच्या काळात पहाटे निघणं, रात्रीचे फोन. माझी एक सहकारी म्हणाली होती, ‘मले काम जड नाही जात. पण रात्री आठला संस्थेतून फोन आला की घरचे सगळे माझ्या तोंडाकडे पाहत बसतात.’ तिच्यासाठी मी एवढंच केलं की संस्थेच्या सचिवांना भेटून दर शनिवारी दुपारचा एक तास ठरवून घेतला. तातडीचं सोडून बाकी सगळं तेव्हा बोलायचं. त्यांनी मान्य केलं, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते सोयीचं गेलं.

म्हणून मराठीच्या बाईंना ‘हो की नाही’ असं विचारू नका. ‘यातलं नेमकं काय अडचणीचं वाटतं?’ असं विचारा आणि वहीत लिहून घ्या. चार-पाच गोष्टी निघतील. त्यातल्या दोन तुम्ही खुर्चीत असतानाच बदलू शकाल. मुलींच्या शाळेत नियमच ज्येष्ठतम शिक्षिकेला पुढे आणतो. मिश्र शाळेत मात्र असा दरवाजा कुणीतरी मुद्दाम उघडा ठेवावा लागतो. त्यांच्या घरी जाऊन यजमानांना पटवण्याच्या फंदात पडू नका. निर्णय त्यांचा आहे, तो त्यांच्याशीच बोला.

प्रशिक्षणांचं विचाराल तर ती आहेत, आणि पाठवावं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान 50 तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे, तसाच मुख्याध्यापकांसाठीही नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा. नीपा या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन संस्थेच्या शालेय नेतृत्व केंद्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, राज्याच्या पातळीवर छत्रपती संभाजीनगरची मिपा ही शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाची संस्था आहे, जिल्ह्यात डाएट ही शिक्षक प्रशिक्षण संस्था आहे. मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका तर तुमच्या शाळेतही दोन-तीन जणांनी केली असेल, आणि प्रमाणपत्र सेवापुस्तिकेला लावून विसरली असेल. त्यांना ते पुस्तक पुन्हा उघडायला सांगा. पण कुणालाही प्रशिक्षणाला पाठवताना शाळेतला एक खरा प्रश्न सोबत द्या आणि परत आल्यावर त्याच प्रश्नावर काम द्या. नाहीतर पिशवी, पेन आणि हजेरीचं पत्र एवढंच परत येतं.

एक सूचना कदाचित तुम्हाला अनपेक्षित वाटेल. कुही, भिवापूर, पारशिवनीकडे जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळा आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीत 150 हून अधिक आणि सहावी ते आठवीत 100 हून अधिक मुलं असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक लागतो, त्यामुळे तिथे तिशीतला शिक्षकच प्रभारी असतो. तो शिकवतो, आहार पाहतो, शाळा व्यवस्थापन समितीची सभा घेतो, सरपंचांशी बोलतो, आणि संध्याकाळी माहितीही भरतो. आपल्या शहरातल्या पन्नाशीच्या शिक्षकांना जे अशक्य वाटतं ते तो पाच-सहा वर्षं करतोय. तुमच्या पाच जणांना एका शनिवारी अशा शाळेत घेऊन जा. भाषणाला नाही, फक्त दिवसभर बसायला. माझ्या पाहण्यात यासारखा दुसरा उपाय नाही. परतीच्या गाडीत कोण गप्प बसतं आणि कोण प्रश्न विचारत राहतं, त्यावरून तुम्हाला बरंच काही कळेल.

संस्थेकडून दोन गोष्टी मागून घ्या. निवृत्तीच्या आधीचे दोन महिने नव्या माणसाने तुमच्याबरोबर सगळ्या कामात बसावं, त्यासाठी त्याच्या तासिका कमी व्हाव्यात. आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्या सत्रात त्याला फोन करून विचारायला एक माणूस असावा. तुम्हीच असलात तर उत्तम, पण शाळेत येऊन बसू नका. फोनवरच राहा. जुने मुख्याध्यापक रोज चहाला आले की नव्याची सही कुणी मोजत नाही.

आणि गणिताच्या सरांना सोडून देऊ नका. पद नको म्हणणाऱ्या माणसाला आपण लगेच हिशेबातून काढतो. त्यांनी नकार दिला तरी नव्या मुख्याध्यापकाच्या शेजारी तेच सगळ्यात ज्येष्ठ असणार आहेत. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यतेचे (मंजूर शिक्षकसंख्येचे) आकडे लावायला त्यांच्याइतकं पक्कं डोकं दुसरं कुणाचं नसेल. ते काम त्यांच्याकडे मागा, मराठीच्या बाईंना त्यांच्याजवळ शिकायला बसवा.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते, म्हणजे तुम्हाला तयारीला थोडे जास्तीचे दिवस मिळतात. शाळा उघडण्याआधीची शिक्षकांची पहिली सभा या वर्षी तुम्ही घेऊ नका. विषयपत्रिका मराठीच्या बाईंना करू द्या, वेळापत्रक तिसऱ्या सरांना मांडू द्या, पटाचं गणित गणिताच्या सरांना. तुम्ही मागच्या बाकावर वही घेऊन बसा आणि कोणी तुमच्याकडे वळून ‘सर, बरोबर ना?’ असं विचारलं, तर समोर उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवा.